‘उघडा की, साहेब’: जुनी आरसी (रिमोटवर चालणारी) गाडी घेताना मी कसा फसलो

लिफ्ट दुरुस्तीच्या कामात मला २२ वर्षं झाली. ब्रेक नीट लागतो असं कोणी सांगितलं, की आमच्या धंद्यात मान डोलवायची आणि मग कव्हर काढून स्वतः बघायचं. असा माणूस एका रिमोटच्या गाडीत ३५,५०० रुपयांना बुडाला, तेही गाडी समोर ठेवून, हातात रिमोट घेऊन, चालवून बघितल्यावर. वर्षभर घराबाहेर फारसं कोणाला सांगितलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आता लिहितोय, कारण तो माणूस पुन्हा तसलीच गाडी विकायला बसलाय.

छंदाचं थोडक्यात सांगतो. लॉकडाउननंतर मुलासाठी डब्ल्यूएलटॉइजची १४४००१ घेतली होती. १/१४ स्केल, धातूची चासी, चारही चाकांना ड्राइव्ह, २एस लिपो (दोन सेलची लिथियम पॉलिमर) बॅटरी. मुलगा दोन महिने खेळला, मग क्रिकेटच्या नादी लागला आणि गाडी माझ्याकडे आली. रविवारी सकाळी सहाला मुलुंडच्या मैदानात, बॅट घेऊन पोरं यायच्या आत, अर्धा तास पळवायची. मग आठवडाभर जेवणानंतर पेपर पसरून तिची सेवा. डिफ (डिफरन्शियल, चाकांना फिरवणारा गिअरचा डबा) उघडून ग्रीस बदलायचं, शॉकमध्ये सिलिकॉनचं तेल भरायचं, मोटरवरचं पिनियन आणि त्याला लागणारं स्पर या दोन गिअरच्या मध्ये कागदाची पट्टी घालून दात जुळवायचे. एकदा जुहूच्या वाळूत नेली तर खाऱ्या हवेने आणि पाण्याने पंधरा दिवसांत बेअरिंगं धरली. नागदेवीला जाऊन मूठभर बेअरिंगं आणली, तेव्हा तो दुकानदार विचारत होता, “पंख्याची आहेत का?” बायको म्हणते, “गाडी चालते अर्धा तास आणि तुम्ही जमिनीवर बसता तीन तास.” खरं आहे तिचं. मला चालवण्यापेक्षा उघडण्यात जास्त गोडी आहे, आणि नेमकं तेच मी त्या संध्याकाळी केलं नाही.

मोठी गाडी हवी असं मनात होतंच. ट्रॅक्ससची स्लॅश ४x४, १/१० स्केलची, ब्रशलेस मोटरवाली. ३एस लिपोवर ती जे पळते ते व्हिडिओत बघूनच अंगावर काटा येतो. नवीन घ्यायची तर ड्युटी वगैरे धरून पन्नास हजारांच्या पुढे गणित जायचं, आणि तेवढे पैसे ‘खेळण्यात’ घालणं आमच्या घरात कोणाला पटणारं नव्हतं. मलासुद्धा. म्हणून जुन्या सामानाच्या ॲपवर रोज रात्री चक्कर व्हायची.

मागच्या वर्षी गणपती गेले आणि जाहिरात दिसली. पिवळी बॉडी, खोक्यासकट, दोन ३एस बॅटऱ्या, चार्जर, किंमत ३२,०००. ‘जहाजावर रुजू होतोय, म्हणून विकणे आहे.’ आई म्हणाली, पितृपक्ष चालू आहे, नवीन वस्तू घेऊ नये. मी म्हटलं, आई, जुनीच आहे. घरात सगळे हसले. आता तो विनोद घरात कोणी काढत नाही.

फोन केला. माणूस पन्नाशीचा वाटला, मराठी स्वच्छ, आवाजात घाई नाही. मर्चंट नेव्हीत इंजिनियर आहे म्हणाला. त्याने गाडीबद्दल सांगायच्या आधी मलाच विचारलं, “तुम्ही सध्या काय चालवता? डिफमध्ये कितीचं तेल घालता?” मी सांगितलं. “मुंबईच्या उकाड्यात थोडं जाड चालेल, साहेब,” तो म्हणाला. वीस मिनिटं आम्ही टायर, स्प्रिंग, पावसाळ्यात चाकं वळवणाऱ्या सर्व्होत पाणी शिरणं यावर बोललो. या छंदात बोलायला माणूस मिळत नाही हो. ऑफिसात विषय काढला तर लोक ‘पोराची गाडी’ म्हणून सोडून देतात. त्यामुळे असा जाणकार भेटला, की आपण निम्मे तिथेच विकले जातो. फौजी असल्याचं सांगून स्कूटर विकणाऱ्यांच्या बातम्या मी वाचल्या होत्या. हा जहाजावरचा, आणि डिफच्या तेलाबद्दल बोलणारा. मनात पाल चुकचुकली नाही.

तिघेजण मागे लागलेत म्हणाला, म्हणून ५,००० रुपये आधी पाठवले. पाठवताना स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. “मिसेसचं खातं. माझं एनआरआय खातं, त्याला यूपीआयची कटकट असते.” पटलं.

भेट कांदिवलीच्या एका सोसायटीच्या आवारात ठरली. संध्याकाळी साडेपाच. तो आधीच खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, गाडी खोक्यावर ठेवलेली. “वर नेलं असतं, पण सासरे आजारी आहेत.” वॉचमनने त्याला सलाम केला. त्याने वॉचमनला चहा सांगितला. म्हणजे माणूस इथलाच, असं मी धरून चाललो. पुढे महिन्याभराने मी तिथे परत गेलो तेव्हा तोच वॉचमन म्हणाला, “ते होय? ते फ्लॅट बघायला आले होते. मला शंभर रुपये दिले, म्हणाले पाहुणे येतायत, चहा आण.”

गाडी बघायला घेतली. सस्पेन्शनच्या पिनांना गंज. “समुद्रावरची हवा, साहेब, जहाजावर होती.” ॲल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी. “मीठ. जहाज.” रिमोट कंपनीचा नाही, कुठला तरी स्वस्तातला. “मूळचा डेकवरून पडला.” जहाज या एका शब्दात त्या गाडीची सगळी दुखणी मावत होती. मोटर सुरू होताना अडखळली, तर म्हणे “सेन्सरलेस आहे, कॉगिंग होणारच.” आता हे खरंच आहे. सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर अगदी कमी वेगात जराशी अडखळते. खऱ्या गोष्टींच्या मध्ये खोटी गोष्ट बेमालूम बसवायची, हे त्याला फार चांगलं जमत होतं.

गाडी त्यानेच उचलून जमिनीवर ठेवली. पेव्हर ब्लॉकवर मी चार मिनिटं चालवली, फार तर पाच. जोरात पळाली. वळताना मागून घसरत होती. मला क्षणभर वाटलं, चारही चाकं ओढत असताना एवढी शेपटी कशी हलते? तो लगेच म्हणाला, “टायर गुळगुळीत झालेत, ते बदला.” मग पहिल्या मजल्यावरच्या खिडकीकडे बघून, “बस करू या, सोसायटीवाले ओरडतात.”

माझ्या शर्टाच्या खिशात २ आणि २.५ एमएमच्या एलन की होत्या. मुद्दाम नेल्या होत्या. मी विचारलं, “पुढचं डिफ जरा उघडून बघू का?”

“उघडा की, साहेब. तुमचीच गाडी आहे. चहा घेणार ना?”

तेवढ्यात चहा आला. एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात रिमोट. आकाश भरून आलेलं. तो सासऱ्यांच्या डायलिसिसबद्दल बोलू लागला. आता या माणसासमोर उकिडवं बसून त्याची गाडी खोलायची म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हटल्यासारखं. ‘नाही’ म्हणाला असता तर मी निघून गेलो असतो. ‘उघडा की’ म्हणाला, म्हणून उघडली नाही. भीड भिकेची बहीण हे शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून लिहिलं होतं. उपयोग आता झाला. घासाघीस करून २९,००० ठरले. उरलेले २४,००० त्याच बाईच्या खात्यावर टाकले आणि खोकं मांडीवर घेऊन चर्चगेट लोकलने दादरला, तिथून मुलुंड. गर्दीत त्या खोक्याला धक्का लागू नये म्हणून मी कोपर पुढे करून उभा होतो.

रात्री जेवण झाल्यावर गाडी डब्यावर ठेवली, चाकं अधांतरी, आणि एक्सिलरेटर दाबला. मागची दोन चाकं भणाणली. पुढची दोन जागच्या जागी.

दहा सेकंदांचं काम होतं. स्क्रूसुद्धा काढायची गरज नव्हती. या गाडीत मधला दांडा पुढच्या डिफला थेट जोडलेला असतो, त्यामुळे गाडी उचलून धरली की चारही चाकं फिरलीच पाहिजेत. मोटर न चालवताही कळतं: पुढचं एक चाक धरून ठेवायचं, दुसरं हाताने फिरवायचं, मागची चाकं हलायला हवीत. इथे काहीच हललं नाही. पुढचं डिफ उघडलं तर पिनियनचे दात पार गेलेले. म्हणजे चार चाकांची गाडी म्हणून मी दोन चाकांची आणली होती. ती शेपटी का हलत होती ते कळलं.

मागचं डिफ उघडलं. मोठ्या गिअरचे तीन दात तुटलेले, आणि आत ग्रीस एवढं कोंबलेलं की बोट घातलं तर बुडेल. ग्रीस जाड भरलं की तुटक्या दातांचा टिकटिक आवाज दबतो. आमच्याकडेही जुन्या लिफ्टचा गिअरबॉक्स विकताना लोक हेच करतात. हे मला माहीत असायला हवं होतं म्हणण्यापेक्षा, माहीत होतंच.

मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीवर कंपनीचं स्टिकर होतं, पण तिरकं. नखाने उचललं तर खाली दुसराच, विनानावाचा. खऱ्या ईएससीत लिपोची व्होल्टेज उतरली की गाडी आपोआप मंदावते, बॅटरी वाचते. याच्यात ती सोय बंद होती. म्हणून आवारात गाडी न मंदावता पळाली. शर्यतीत जिंकवायला घोड्याला काहीतरी पाजावं तसं.

बॅटरीचं सगळ्यात वाईट. लिपोचा एक सेल भरलेला असतो तेव्हा ४.२ व्होल्ट, खाली ३ च्या आत गेला की मेलाच समजा, आणि ठेवून द्यायची तर ३.८ च्या आसपास. ३एस म्हणजे असे तीन सेल. त्याने दाखवलेली बॅटरी तेव्हा तिन्ही सेलना ४.२ दाखवत होती, आणि मी खूश झालो होतो. पण मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा भरल्या भरल्या ४.२ दाखवते. तिचा दम ओझ्याखाली कळतो, आठ-दहा मिनिटं पळवल्यावर. दुसऱ्या दिवशी मी मैदानात नेली. सहाव्या मिनिटाला मागच्या डिफने आवाज केला आणि गाडी थांबली. घरी येऊन सेल मोजले: ३.५, ३.४ आणि २.६. बॅटरी पुरीसारखी फुगलेली, आणि एक गोडसर, नेलपॉलिशसारखा वास. मोटरवर तापमानाची गन धरली तर १०४ अंश. माझ्या हिशेबाने ऐंशीच्या पुढे गेली की थांबायचं असतं.

दुसरी बॅटरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. वर छापलेलं ५,००० एमएएच. तेवढी ३एस बॅटरी साडेतीनशे-चारशे ग्रॅमच्या घरात भरते. ही भरली २१० ग्रॅम. निळं आवरण नखाने सोललं तर आत पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या आणि मध्ये २,२०० एमएएचची छोटी बॅटरी. (कोणी असं करणार असाल तर कटर लावू नका. आतली पिशवी फाटली तर पेट घेते, आणि ती आग पाण्याच्या पेल्याने विझत नाही.) फुगलेली बॅटरी बाल्कनीत, तुळशीपासून लांब, वाळूच्या मडक्यात ठेवली, आणि पुढे ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली. कचऱ्याच्या डब्यात टाकायची नसते. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की तिथे पेटते.

इथपर्यंत ऐकून कोणीही म्हणेल, आता तरी शहाणा झाला असेल. नाही. मी त्याला फोन केला, आणि तो इतका हळहळला की मलाच वाईट वाटलं. “अरेरे, साहेब! मला ज्याने विकली त्याने मला फसवलं बघा.” दोन्ही डिफचे अस्सल गिअर आणि एक नवीन ईएससी दुबईहून त्याचा मित्र घेऊन येतोय, निम्मे पैसे तो स्वतः घालणार, माझ्याकडून फक्त ६,५००. मी पाठवले. एवढा भला माणूस निम्मे घालतोय आणि आपण संशय घ्यायचा? आठ दिवसांनी मेसेज आला: सामान कस्टममध्ये अडकलंय, ३,८०० भरावे लागतील. मी मोबाइल काढलासुद्धा होता. बायको भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, “कस्टमवाले त्या बाईच्या खात्यावर पैसे घेतात का हो?”

मी पैसे पाठवले नाहीत. दोन दिवसांत त्याने मला ब्लॉक केलं.

१९३० ला फोन केला तोवर ६,५०० पाठवून अकरा दिवस होऊन गेले होते. सायबर फसवणुकीचा हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसा ज्या खात्यात गेला तिथेच रोखून धरण्याची काही आशा असते. अकरा दिवसांत तो किती खाती फिरला असेल कोण जाणे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, फोटो जोडले. पोलिस ठाण्यातही गेलो. हवालदार माझ्यापेक्षा वयाने लहान, पण माणूस बरा. “खेळण्यातली गाडी? एकोणतीस हजार?” हे मात्र त्याने दोनदा विचारलं. मी ४२० कलमाचं नाव काढलं तर म्हणाला, “काका, नव्या कायद्यात ते आता ३१८ झालं.” आणि मग सरळ सांगितलं: गाडी तुम्ही बघून, चालवून, राजीखुशीने घेतलीत, त्यात फसवणूक सिद्ध करणं अवघड. सामानाच्या नावाने घेतलेले ६,५०० मात्र स्पष्ट आहेत, त्यावर जोर द्या. मला त्याचं पटलं. तक्रार क्रमांक मिळाला. पैसे अजून मिळालेले नाहीत.

त्या सोसायटीत तो राहतच नव्हता, हे कळल्यावर मला खरा धक्का बसला. मी दरवाजापर्यंत गेलो असतो, पाटीवरचं नाव आणि यूपीआयवरचं नाव ताडून बघितलं असतं, जहाजावरच्या माणसाकडे सीडीसी नावाचं पुस्तक असतं ते सहज गप्पांत बघायला मागितलं असतं, तर तिथेच संपलं असतं. मी मागितली फक्त डिफ उघडायची परवानगी, आणि ती मिळताच गप्प बसलो.

दिवाळीनंतर वसईच्या एका गृहस्थांचा मेसेज आला. मी एका ग्रुपवर जुन्या गिअरबद्दल विचारलं होतं, त्यावरून त्यांना शंका आली. आम्ही दादरला भेटलो, चहाच्या टपरीवर. त्यांना त्याने नायट्रोवाली, म्हणजे इंधनाच्या इंजिनावर चालणारी, गाडी विकली होती. नायट्रोचं इंजिन थंड असताना फ्लायव्हील हाताने फिरवलं की पिस्टन वरच्या टोकाला अडकल्यासारखा जड व्हायला हवा. झिजलेल्या इंजिनात तो सुळकन निघून जातो. त्यांच्या इंजिनात दाट तेल भरून तो जडपणा आणला होता. चार वेळा सुरू केल्यावर तेल जळून गेलं आणि इंजिन कायमचं झोपलं. त्यांनाही आवारात चहा मिळाला होता. फक्त सासऱ्यांच्या जागी तिथे आई होती. दोघांनी फोटो शेजारी शेजारी ठेवले, तर दोन्ही गाड्यांखाली तीच फरशी: हिरव्या ठिपक्यांची मोझेक, एका कोपऱ्यात तडा गेलेली.

माझी गाडी आता चालते. दोन्ही डिफचे गिअर, मोटर आणि ईएससीचा जोड, एक साधी २एस बॅटरी मिळून साडेचौदा हजार वर घातले. म्हणजे नवीच आली असती जवळजवळ, असं बायको म्हणत नाही, नुसती बघते. ३एस बसवायची हिंमत होत नाही.

गेल्या आठवड्यात ॲपवर पुन्हा एक स्लॅश दिसली. बॉडी या वेळी निळी, विकणाऱ्याचं नाव वेगळं, किंमत ३०,०००. ‘परदेशी बदली झाल्यामुळे विकणे आहे.’ दुसऱ्या फोटोत गाडीखाली हिरव्या ठिपक्यांची मोझेक आहे, कोपऱ्यात तडा. ॲपवर तक्रार केली, हवालदारांना लिंक पाठवली, ते म्हणाले बघतो. मग मुलाच्या फोनवरून मी त्याला एकच ओळ लिहिली: भेटायला येईन तेव्हा पुढचं डिफ उघडून बघितलं तर चालेल का?

पाच मिनिटांत उत्तर आलं. “उघडा की, साहेब. तुमचीच गाडी आहे. चहा घेणार ना?”